भुवयांचं भाडं

६ मार्च

"वहिनी, बोट उचला," भाऊजी म्हणाले.

मी उचललं नाही. स्क्रीनवर 'पाठवा' लिहिलं होतं आणि माझं बोट त्यावर टेकायच्या बेतात होतं. त्यांनी सरळ मनगट धरून हात बाजूला केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, दिराने हात धरला तो आज पहिल्यांदा.

"आधी खालचा आकडा वाचा."

वाचला. वर सहा महिन्यांची कमाई होती. खाली बारीक अक्षरात फी. कमाईचा जवळजवळ पाचवा हिस्सा.

"हे कोण घेतंय?"

"कोणी नाही."

"कोणी नाही कसं घेईल?"

"नेटवर्क घेतं, वहिनी."

"राहतं कुठे ते? मी जाऊन बोलते."

ते हसले. विजेची कामं करतात, तारा कुठून कुठे जातात ते भिंतीकडे बघून सांगतात. ह्या तारेचं दुसरं टोक मात्र त्यांनाही सांगता येत नव्हतं. फोनवर हे डिजिटल नाण्यांचं पाकीट त्यांनीच काढून दिलं होतं. 'मधे बँक नाही, दलाल नाही, व्यापाऱ्याकडून थेट तुमच्याकडे,' असं तेव्हा म्हणाले होते. बँक नाही आणि दलाल नाही, तर पाचवा हिस्सा भुतं नेतात का, असं मी विचारलं. वन्संनी हातातला केसांचा टोप खाली न ठेवता सांगितलं, "भुतं एवढी खात नाहीत."

पैसे आजच हवे आहेत असं नाही. पण ह्या महिन्यात हवेत. परवा आमच्या कामाच्या खोलीचे मालक जिना चढून आले, दाराशी दम खाल्ला आणि म्हणाले, खोली विकतोय. बॅटऱ्यांच्या गोदामासाठी एक गिऱ्हाईक तयार आहे. पण तुम्ही जुनी माणसं, महिनाअखेरीपर्यंत विसार आणून द्या, खोली तुमची. बाकीच्या रकमेचं कर्ज बँक देते आहे, मी विचारून आले. फक्त विसार आपल्या खिशातून हवा. आणि विसाराएवढे पैसे पाकिटात आहेत, थोडे वरच आहेत. म्हणून काल रात्री शांत झोपले.

आज तशी झोप लागेलसं वाटत नाही.

७ मार्च

खोली म्हणजे चार भिंती, त्या कुठेही मिळतील. पण ह्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी आहे. जाळीच्या भोकातून एकेक केस ओढून आकडीने गाठ मारायची तर उजेड थंड आणि एकसारखा लागतो. ऊन अंगावर आलं की काळा आणि गडद तपकिरी एकच दिसायला लागतात आणि मग गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पट्टे उमटतात. ह्यांनी ही खोली खिडकी बघूनच भाड्याने घेतली होती, नाटकवाल्यांच्या मिशा करायला. हे गेले. मिशांच्या जोडीला मी टोप सुरू केले, आजारपणात केस गेलेल्यांसाठी. नंतर भुवया. भुवया गेल्यावर चेहरा कसा होतो ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल.

भाऊजी संध्याकाळी आले आणि माझा टाचण्यांचा डबा टेबलावर ओतला. त्याच्या शेजारी मोठी कात्री ठेवली.

"समजा, ही कात्री म्हणजे एका टोपाचे पैसे. ही टाचणी म्हणजे एका भुवयांच्या जोडीचे. तुम्हाला वाटतं पाकिटात एक रक्कम आहे. तसं नाही. जसे आले तसे सुटे पडलेत. आणि नेटवर्क किंमत बघत नाही, नग बघतं. एका कात्रीला एक भाडं. एका टाचणीलाही तेवढंच."

"मग सगळ्या टाचण्या वितळवून एक कात्री करा."

"वितळवायलाही प्रत्येक टाचणीचं भाडं पडतं."

टेबलावर कात्र्या पाच-सहाच झाल्या असत्या. बाकी सगळा टाचण्यांचा ढीग.

ढीग का झाला ते मला माहीत आहे आणि त्यात माझी काही चूक नाही. ह्या व्यापाऱ्याच्या आधीचा व्यापारी 'महिन्याचं एकदम देतो' म्हणायचा. त्याने आम्हाला लोंबकळत ठेवलं आणि एक दिवस फोनच बंद केला. तेव्हाच मी ठरवलं, नग पोचला की पैसे, त्याच दिवशी. टोप असो, मिशी असो, भुवया असोत. हा नवा परदेशातला माणूस तीन महिन्यांचं एकदम देऊ का म्हणत होता. मी म्हटलं, नाही, हातोहात. त्याने मान्य केलं. तेव्हा फी अगदी किरकोळ होती, कुणाच्या नजरेतही आली नाही. एकेका भुवईला फोन टुंग करायचा आणि वन्सं म्हणायच्या, "घ्या, आली एक मिशी." त्यांना सगळ्या मिशाच वाटतात.

माझा नियम मला अजून बरोबर वाटतो. एकदा पैसे बुडालेल्याने असाच नियम करायला हवा.

टाचण्या गोळा करताना एक बोटात गेली.

८ मार्च

बारीकबाई आज काम संपल्यावर थांबली. तिचं नाव वेगळं आहे, पण आमच्याकडे आल्यापासून बारीकबाईच. टोपाची पुढची कड आणि भुवया तीच करते. एका भोकात एकच केस, गाठ डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. असा हात मी दुसरा पाहिलेला नाही. हे तिला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं की हात बिघडतात.

म्हणाली, "वहिनी, माझे पंधरा दिवसांचे एकदम द्याल का? दिव्याचे एकदाच कापा."

आमच्या खोलीत दर नगामागे दिव्याचे थोडे कापून घेते मी. प्रत्येकीच्या डोक्याशी वाकडा होणारा दिवा आहे, आकड्या आहेत, त्या मोडतात. टोपाला जेवढे, तेवढेच भुवयांना. नियम सरळ आहे.

"टोपाला पंधरा दिवस दिवा जळतो," ती म्हणाली. "भुवया दीड दिवसात होतात."

"दिवा काही आत काय चाललंय ते बघून जळत नाही. एकीला वेगळं केलं की उद्या दहा जणी दारात उभ्या राहतील."

"आपण इनमीन तिघी आहोत आणि ती नवी," वन्सं मागून म्हणाल्या. ती नवी पोर केस धुऊन सुकवते, तिला अजून दिवा नाही.

मी बारीकबाईला म्हटलं, "मग टोप घे की. मोठं काम घे."

"टोप वन्सं छान करतात," ती म्हणाली. "भुवया करायला दुसरं कोण आहे?"

नियम नियम असतो. हिशोब जिथल्या तिथे तुटलेला बरा. ती 'बरं' म्हणाली आणि चपला घालून गेली.

११ मार्च

फी दूध उतू जाण्यासारखी वर येते आणि बसते. दिवसभर फोन उघडून बघते. सकाळी जरा उतरली होती, मी जेवून हात धुऊन येईपर्यंत पुन्हा चढली. भाऊजी म्हणतात गर्दी असली की चढते, ओसरली की उतरते.

"गर्दी कसली आहे?"

"कुणीतरी माकडांची चित्रं विकतंय. ती ह्याच रस्त्याने जातात."

"चित्रं?"

"फोनवरची. माकडाने टोपी घातलीय, माकडाने चष्मा घातलाय, अशी. लोक घेतात."

म्हणजे एका बाईने दीड दिवस पाठ वाकवून भुवया केल्या. ज्या कुणाच्या चेहऱ्यावर त्या बसल्या असतील, ती आरशासमोरून हलली नसेल. आणि त्या भुवयांचे पैसे रांगेत माकडाच्या मागे उभे आहेत, कारण माकडाने जास्त दिले. हे कुणालाच विचित्र वाटत नाही. भाऊजींनाही नाही. ते म्हणाले, "बाजार आहे, वहिनी." बाजारात मी लहानपणापासून जाते. तिथे भाव नाही पटला तर मी माझी पिशवी उचलून घरी येते. इथे पिशवीच दुकानात अडकली आहे आणि ती बाहेर काढायचा भाव दुकानदार ठरवतोय. त्यातही दुकानदार कोणीच नाही.

पाकीटवाल्या कंपनीला लिहिलं. आमची रक्कम किती, आम्ही काम काय करतो, फी किती मागताय, सगळं सविस्तर लिहिलं. लगेच उत्तर आलं, मी पाणी प्यायच्या आत. 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.' खाली पाच तारे काढून दिले होते, किती भरू ते विचारायला.

१२ मार्च

तारे भरले नाहीत.

१४ मार्च

आज मला कळलं की फी आपणच सांगायची असते. इतके दिवस भाऊजींनी हे सांगितलं नाही. स्क्रीनवर एक पट्टी आहे, ती डावीकडे सरकवली की फी कमी, उजवीकडे जास्त.

"मग आधी सांगायचं ना. डावीकडे घ्या."

"कमी दिली की उचलायला कोणी येत नाही, वहिनी."

"येतात. सुरुवातीला सगळेच तोंड फिरवतात."

त्यांनी एक गोष्ट सुचवली, तीही लिहून ठेवते. म्हणाले, भुवया मागे ठेवू. टोपांचे आणि मिशांचे पाठवू. भुवयांच्या एका जोडीचे जेवढे आलेत, त्याहून जास्त ती जोडी हलवायला पडतात. ओढत न्यायच्या म्हणजे पदरचे घालायचे.

मी म्हटलं, एकही भुवई मागे राहणार नाही.

"हिशोबाने बघा."

"हिशोबच सांगते. ते कष्टाचे आहेत. फी जास्त आहे म्हणून कष्टाचे पैसे टाकून द्यायचे हा कुठला न्याय? उद्या म्हणाल, नव्या पोरीचा पगार बसभाड्याएवढाच आहे, तर तिने घरीच बसावं."

"तुमचं पाकीट, तुमचा हट्ट," ते म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवली.

पट्टी मी स्वतः सरकवली. अगदी डावीकडे नाही, थोडी अलीकडे. भाजीवाल्याला पहिला भाव सांगतो तेवढी. मग 'पाठवा' दाबलं. ह्यावेळी कुणी मनगट धरलं नाही.

१५ मार्च

'प्रलंबित.'

१६ मार्च

'प्रलंबित.' भाऊजींना फोन केला.

"पैसे गेले का?"

"नाही."

"मग परत आले?"

"नाही."

"मग आहेत कुठे?"

"बाहेर थांबलेत. कुणीतरी आत घेईल तेव्हा जातील."

"दाराबाहेर ताटकळत ठेवलेत म्हणा. पाहुण्यांसारखे."

"पाहुण्यांना निदान पाणी विचारतात," ते म्हणाले. तेही वैतागले आहेत, मला ऐकू आलं.

१९ मार्च

तेच.

काम मात्र थांबलेलं नाही. दोन टोप पुरे झाले. वन्संचा टोप लाकडी डोक्यावर चढवून खिडकीत ठेवला तेव्हा रस्त्यावरून जाणारी एक बाई थबकून वर बघत राहिली. तिला वाटलं असेल, कोण एवढी टक लावून उभी आहे.

तयार भुवया हातात घेतल्या तेव्हा बारीकबाईने विचारलं, "ह्या भुवयांचे पैसे पण असेच आले का, सुटे?"

"नाही. आता व्यापाऱ्याला थांब म्हटलंय."

"म्हणजे एकदम घेणार."

"हो, आता एकदम. शहाणपण आलं."

तिने मान हलवली. तिचे पैसे दिले, दिव्याचे कापून. कुणाचं काही ठेवलेलं बरं नाही.

२० मार्च

व्यापाऱ्याला फोन लावला. तुमच्या ह्या नाण्यांपायी माझी खोली जायची वेळ आली, असं स्पष्ट सांगितलं. तो आमचीच भाषा बोलतो, फक्त फार सावकाश.

"मी तीन महिन्यांचं एकदम म्हटलं होतं," तो म्हणाला. "तुम्हीच नको म्हणालात. दर भुवईला पाठवताना मला पण फी पडत होती, बाई. मी काही बोललो का?"

"बोलला नाहीत, पण भुवयांचा दर सहा महिन्यांत एकदाही वाढवला नाहीत."

तो मग म्हणाला, "कुठूनतरी भरून काढावं लागतं ना."

म्हणजे आता कळलं. दोन्हीकडून कापलं जात होतं, जाताना आणि येताना. त्याने त्याचं आमच्याकडून भरून काढलं. शेवटी येऊन टेकलं ते आकडी धरणाऱ्या हातावर. वरच्या प्रत्येकाने आपापलं भाडं खालच्याच्या अंगावर ढकलून दिलं आणि हात झटकले. फोन ठेवून केसांची एक जुडी विंचरायला घेतली आणि अर्धी तोडली. नवीने ती हातातून काढून घेतली.

२३ मार्च

मालक बॅटरीवाल्याला घेऊन आले. विचारलं नाही, नुसतं दार ढकललं. बॅटरीवाल्याकडे मोजायची पट्टी होती. त्याने जमीन मोजली, दार मोजलं, मग वन्संच्या खुर्चीच्या मागे जाऊन खिडकी मोजायला लागला.

"हिचं काय करणार?" मी विचारलं.

"बुजवू. रॅक येईल तिथे, वरपर्यंत. बॅटऱ्यांना उजेड चालत नाही."

बारीकबाई खिडकीपाशीच बसलेली. पट्टी तिच्या डोक्यावरून गेली तेव्हा तिने फक्त मान खाली घेतली, गाठ सोडली नाही.

मालकांना मी म्हटलं, महिना संपायचा आहे. ते म्हणाले, "हो हो, शब्द म्हणजे शब्द. पण पैसे कुठे आहेत, वहिनी?"

मी म्हटलं, "निघालेत."

"कुठून?"

वन्संनी तोंड फिरवलं. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि मला रडू.

२७ मार्च

हरले. भाऊजींना बोलावलं आणि म्हटलं, पट्टी हवी तेवढी उजवीकडे न्या.

ते म्हणाले, जुनी मागणी रद्द होत नाही, पण तीच पुन्हा जास्त फी लावून पाठवता येते. "आणि आता तरी भुवया बाजूला काढतो."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. खाली एक माणूस हातगाडी ओढत होता, गाडी रिकामी होती.

"काढा," म्हटलं.

त्यांनी एकेक करून भुवया काढल्या. किती वेळ लागला. दरवेळी स्क्रीनवर खाली एक छोटा आकडा येई आणि ते तो बाजूला करत. मिशांपैकीही काही गेल्या, लहान पात्रांच्या. शेवटी उरलेलं पाठवलं. भुवया काढल्या म्हणून नगही उतरले, तरी फी पहिल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा फारशी कमी नाही. रांग तेव्हापेक्षा लांब आहे.

चहा उकळेपर्यंत पैसे गेले. तेरा दिवस दाराबाहेर उभे होते, आणि चहा उकळेपर्यंत.

नंतर एक्स्चेंजने नाणी विकण्याचे कापले. मग बँकेत पाठवण्याचे कापले. मग बँकेने, परदेशी व्यवहार वाटतो म्हणून, तपासणीचे कापले. आता मला राग येत नाही. म्हणजे येतो, पण कुणाकडे बघून यावा ते कळत नाही, म्हणून नुसता अंगात बसून आहे.

पाकीट उघडून पाहिलं. रिकामं नाही. भुवयांचे पैसे तिथेच आहेत, दिसतात. हलत नाहीत.

२८ मार्च

विसाराला जेवढे कमी पडतात ते बघितलं. फीमध्ये गेले त्याच्यापेक्षा थोडेसेच कमी. म्हणजे फी नसती तर पुरले असते आणि वर थोडे उरलेही असते. हे मी तीनदा मांडून बघितलं, तिन्ही वेळा तेच आलं. एवढ्या मोठ्या जगात एका खोलीचा विसार कमी पडला आणि तो कुणाच्या घरी गेला हे कुणालाच सांगता येत नाही. चोर असता तर निदान त्याचं तोंड दिसलं असतं.

२९ मार्च

भाऊजी सकाळीच आले. खिशातून पाकीट काढलं, खऱ्या कातड्याचं. टेबलावर पैसे ठेवले.

"हे कुठले?"

"माझेच आहेत. गाडीसाठी ठेवले होते. जुनी चालतेय अजून."

"मला नको."

"वहिनी, पाकीट मी काढून दिलं. मीच म्हणालो होतो मधे कोणी नाही."

घेतले. घेताना म्हटलं, परत करेन.

"मी मागितले का?"

"मागितले नाहीत म्हणून तर. दर महिन्याला ठरवून देईन. उपकार ठेवून घ्यायची मला सवय नाही."

"दादा असता तर त्याच्याकडून घेतले असते ना तुम्ही?"

"ते वेगळं."

"तसंच आहे," ते म्हणाले. पण मी ठरवलं होतं. ते जिना उतरून गेल्यावर मी हिशोब केला, महिन्याला किती बाजूला पडायला हवेत. दिव्याचे थोडे वाढवले तर वर्षभरात फिटतात. खोली राहिली तर सगळ्यांचीच राहते. खिडकी सगळ्यांचीच. थोडं थोडं प्रत्येकीने उचललं तर कुणालाच जड होणार नाही.

३० मार्च

संध्याकाळी आवराआवर करताना सांगितलं. आधी चांगलं सांगितलं, उद्या सकाळी विसार भरतेय, खिडकी कोणी बुजवणार नाही. नवीने टाळी वाजवली. वन्संनी डोळे पुसले, मग म्हणाल्या केस गेला डोळ्यात.

मग दिव्याचं सांगितलं. एक वर्ष, नगामागे इतके जास्त. सगळ्यांना सारखे.

वन्सं आकड्या मोजत राहिल्या. त्या माझ्या मोठ्या नणंद, त्यांना बोलायचं असेल तर त्या थांबत नाहीत. आज थांबल्या.

बारीकबाई लाकडी डोक्यावर कापड झाकत होती. म्हणाली, "भुवयांना पण तेवढेच?"

"सारखे म्हणजे सारखे. मी भेद करत नाही, तुला माहीत आहे."

"हो." तिने कापडाच्या कडा नीट खोचल्या. "वहिनी, ते पाकिटातले भुवयांचे मिळाले का शेवटी?"

"नाही. सोडून दिले."

"का?"

"हलवायचं भाडंच जास्त होतं. भुवयांच्या पैशांपेक्षा जास्त. आणायचे म्हणजे उलट आपणच घालायचे." मग मला वाटलं तिला लागेल, म्हणून सांगितलं, "तुला काय त्याचं? तुझे तुला केव्हाच मिळालेत."

"मिळालेत," ती म्हणाली.

"भाऊजी म्हणतात, असे किती जणांचे पडून असतील. कोणी हलवत नाही. परवडतच नाही."

"बरोबर आहे. परवडत नसेल तर कशाला हलवायचं."

ती शांतपणे बोलली, म्हणून बरं वाटलं. इतक्या दिवसांत कुणीतरी त्या फीचा अन्याय न रागावता समजून घेतला. मी तिला म्हटलं, उद्यापासून पैसे पुन्हा सुरळीत येतील, तुझ्या भुवयांचे आता तीन महिन्यांचे एकदम मागवते. ती हसली. तिचा दिवा अजून चालू होता, मी बंद करायला सांगितला. तिने केला.

३१ मार्च

सकाळी विसार भरला. मालकांनी पैसे दोनदा मोजले, पावती दिली, खोली लखलाभ होवो म्हणाले.

खोलीवर गेले तेव्हा खिडकीत उजेड चांगला होता. वन्सं आणि नवी आलेल्या होत्या. बारीकबाई आलेली नव्हती. तिची स्वतःची आकडी आणि तिचं लाकडी डोकं जागेवर नव्हतं. दिवा माझ्या टेबलावर होता, वायर गुंडाळून, पुसून ठेवलेला. भुवयांची शेवटची जोडी पुरी केलेली, कागदात. तिचे पैसे घ्यायला ती थांबली नव्हती.

वन्संनी विचारलं, "हा दिवा कुणाला देऊ?"

मी म्हटलं, राहू दे तिथेच.